आळंद तालुक्यात सापडलेला ग्रॅनाइट

मागच्या महिन्यात इथल्या, म्हणजे हळ्ळीखेडच्या, हायस्कुलातले भूगोलाचे मास्तर घरी आले. त्यांना विद्यार्थ्यांची सहल काढून ग्रॅनाइट दाखवायचा होता, तर कुठे न्यावं असं विचारत होते. निजामाच्या अमदानीपासून मी सरकारी भूगर्भ खात्यात धोंडे फोडले हे गावाला माहीत आहे, त्यामुळे ग्रॅनाइटचा विषय निघाला की लोक माझ्याकडेच येतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि या विषयासाठी आजवर हे मास्तर एकटेच आले, ते सोडा. मी त्यांना यादगीरला जायला सांगितलं. ते म्हणाले, यादगीर लांब पडतं. शिवाय हैदराबादला तुमच्या खात्याच्या काचेच्या कपाटात ‘ग्रॅनाइट, तालुका आळंद’ असं लिहिलेला दगड मी स्वतः पाहिलाय, आणि आळंद तर जवळ आहे. मी त्यांना चहा पाजला आणि पाऊसपाण्याचं बोलू लागलो.

त्या दगडावरची अक्षरं माझ्या हातची आहेत. ती तिथं कशी आली हे सांगायचा एवढी वर्षं धीर झाला नाही. आता आमचे मोठे साहेब राहिले नाहीत, कचेरीतले सरिश्तेदारही गेले, आणि एवढ्या जुन्या दगडापायी माझं पेन्शन कुणी बंद करील असं वाटत नाही. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा म्हटलं सांगून टाकावं.

आधी आपल्या पायाखाली काय आहे ते सांगतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळणार नाही. बिदरचा किल्ला ज्या धोंड्यावर उभा आहे तो लाल आणि भोकाभोकांचा. त्याच्याखाली, आणि हुमनाबाद, आळंद, उमरगा या सगळ्या भागात, काळा दगड. कोण्या जुन्या काळी जमिनीतून तापलेला रस वर आला आणि थरावर थर गोठत गेला, त्याचा हा दगड. त्याचीच पुढं काळी माती झाली आणि तिच्यात आपली तूर आणि ज्वारी पिकते. दक्षिणेला शहाबादकडे उतरलं की फरशीचा दगड लागतो. त्याच्याही पुढं यादगीर-शोरापूरला ग्रॅनाइट. गुलाबी, करडे डोंगर, आणि त्यांच्यावर एकावर एक धोंडे असे ठेवलेले की आता कोसळतील असं वाटतं. पण आजोबा सांगायचे तेव्हाही ते तसेच होते. या सगळ्यांत ग्रॅनाइट म्हातारा. मोठे साहेब म्हणत की ग्रॅनाइट ही भुई आहे आणि काळा दगड ही तिच्यावर अंथरलेली गोधडी. यादगीरला गोधडी नाहीच. आळंदला ती इतकी जाड आहे की खालची भुई बघायला किती खोल जावं लागेल ते देव जाणे.

हैदराबादच्या माणसाला ग्रॅनाइट शिकवावा लागत नाही. शहराभोवती दुसरं काही नाहीच. आमच्या कचेरीमागं ज्या खडकाच्या आडोशाला सगळा स्टाफ जात असे, तोही ग्रॅनाइटच होता. मी मात्र काळ्या मातीतला. मी ग्रॅनाइट पुस्तकातून शिकलो. क्वार्ट्झ, फेल्स्पार, मायका, ही तीन नावं रामरक्षेसारखी पाठ केली होती आणि विचारलं की एका दमात म्हणून दाखवत होतो.

माझं काम म्हणजे ओढे चालणं. काळ्या रानात दगड वर दिसत नाही, पुरुषभर मातीखाली असतो. ओढ्यानं माती कापलेली असते, म्हणून दगड बघायचा तर ओढ्यातच. खांद्याला पिशवी, हातात हातोडी, खिशात वही. ओढ्याच्या उगमापासून चालत सुटायचं, दगड बदलला की मुठीएवढा तुकडा फोडायचा, त्याला नंबर द्यायचा, जुन्या कागदात गुंडाळायचा आणि पुढं चालायचं. गावागावांत मला ‘हातोडीवाला’ म्हणत. मी धन शोधतोय यावर सगळ्यांचं एकमत होतं. उमरग्याजवळ एका गृहस्थानं विहिरीत निघालेले पांढरे चकचकीत खडे फडक्यात बांधून आणले आणि माझ्या कानात सांगितलं की हिरे आहेत, निम्मे तुमचे. काळ्या दगडाच्या पोकळीत असले खडे ढिगानं सापडतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते मान हलवून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, बरं, तिनातले दोन वाटे तुमचे.

ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. मी खात्यात आरजी होतो, म्हणजे तात्पुरता. मुस्तकिल, म्हणजे कायम, होण्यासाठी चार वर्षं वाट बघत होतो. उदगीरच्या एका शिक्षकांच्या मुलीशी माझी सोयरीक ठरत आली होती. तिच्या वडिलांनी माझ्या वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं की धोंडे फोडणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. मुस्तकिल धोंडे फोडणाऱ्याला देईन. मुलीला मी एकदाच पाहिलं होतं. चहाची कपबशी ठेवताना तिनं माझ्या हातावरचे हातोडीचे घट्टे बघितले आणि हसू दाबलं. तेवढ्यावर मी त्या वर्षी अर्धा तालुका पायी चाललो.

मार्गशीर्षात आळंद आणि कडगंचीच्या मधल्या एका छोट्या गावाचा ओढा मी चालत होतो. दुपार टळत आलेली. वळणावर पाण्याचं डबकं होतं आणि त्याच्या काठाला, काळ्या दगडांच्या मधोमध, एक गुलाबी पाठ वर आलेली. म्हशीच्या पाठीएवढी, गुळगुळीत, ओली. मी जागीच उभा राहिलो. जवळ जाऊन कोपऱ्यावर हातोडी मारली. इथल्या काळ्या दगडाला एका घावात तुकडा निघतो, याला सहा घाव लागले. ताज्या तुकड्यात तिन्ही दाणे दिसले. मी मोठ्यानं म्हणालो, क्वार्ट्झ, फेल्स्पार, मायका. ऐकायला काठावरच्या बाभळीशिवाय कुणी नव्हतं.

गोधडी इथं फाटली होती आणि खालची भुई दिसत होती. आळंद तालुक्यात! कुणाच्याही नकाशात नसलेली गोष्ट ओढ्यात पडून होती आणि ती मला सापडली होती.

पण मी काही अगदीच कच्चा नव्हतो. गावात जाऊन पाटलांकडे चौकशी केली. म्हटलं, ओढ्याच्या वळणाला तो गुलाबी दगड आहे, तो केव्हापासून आहे? पाटील थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “कदीम हाय. आमच्या पणज्याच्या पणज्यापासून हाय. लिहून घ्या.” मी लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली, दोन पंचांचे अंगठे घेतले.

आता यातली गोम मला तेव्हा कळली नाही, ती अशी. निजामी मुलखात सरकारी माणसानं कोणत्याही वस्तूचं वय विचारलं की शहाणा माणूस ‘कदीम’ म्हणजे फार प्राचीन असंच सांगे. देऊळ असो, बांध असो, विहीर असो, वस्तू नवी म्हटली की परवाना कुठाय म्हणून विचारतात. जुनी म्हटली की गप्प बसतात. पाटलांनी आपल्या परीनं गाव वाचवलं होतं. दुसरी गोम याहून मोठी. ते ओढ्याचं वळण म्हणजे बायकांची धुण्याची जागा. सकाळपासून दुपारपर्यंत गड्यांनी तिकडं फिरकायचं नाही असा गावाचा रिवाज, आणि दुपारनंतर तिकडं कुणाचं काही काम नसे. पाटील त्या जागी शेवटचे गेले होते ते आईच्या कडेवर बसून. म्हणजे मी ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणीही तो दगड नीट पाहिलेला नव्हता, आणि ज्या बायका रोज पाहत होत्या त्यांना विचारायचं मला सुचलं नाही.

मी तुकडा हैदराबादला पाठवला. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईनं उर्दूत आणि इंग्रजीत नंबर, दगडाचं नाव आणि ठिकाण घातलं. महिन्याभरात साहेबांचं पत्र आलं. मोठे साहेब फार शिकलेले, विलायतेत राहून आलेले. त्यांच्या पत्रात एरवी चार ओळी आणि तीन चुका काढलेल्या असत. या पत्रात त्यांनी मला ‘अज़ीज़’, म्हणजे प्रिय, असं लिहिलं होतं. नकाशावर आळंदजवळ लाल ठिपका दिला गेला होता. तुकडा काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवला गेला होता. फाल्गुनात साहेब स्वतः पाहायला येणार होते, आणि माझं नाव मुस्तकिलसाठी पुढं जाणार होतं. शेवटी सूचना होती की दोन्ही बाजूंनी खणून दगडाची मुळं दाखवावीत आणि कपाटाशेजारी मांडायला एक मोठा ठोकळा काढण्यासाठी वडार बोलावून ठेवावेत. मी ते पत्र उदगीरला वाचायला पाठवलं.

फाल्गुनात साहेब यायच्या आदल्या दिवशी मी त्या गावी पोचलो. उन्हाच्या आत जागा साफ करून ठेवावी म्हणून सकाळीच ओढ्याकडे गेलो. रिवाज मला माहीत नव्हता. वळणावर पाहतो तर माझ्या ग्रॅनाइटवर एक बाई लुगडं आपटत होती. पन्नाशीची, दंडावर गोंदलेलं, पदर खोचलेला. आणखी चारपाच बाया आजूबाजूला, आणि एक त्यांच्यापासून दूर, वीसेक हात खाली, एकटीच काळ्या दगडावर. मला बघून सगळ्यांनी पदर सावरले. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

“कोण रं तू? गडी मानूस इकडं कामून यायलास?” पन्नाशीच्या बाईनं विचारलं. तिचं नाव नीलाक्का, हे मला मग कळलं.

मी म्हणालो, सरकारी माणूस आहे, या गुलाबी दगडाचं बघायला आलोय.

“त्यात काय बघायलाव? आंदणाचा हाय त्यो. माझ्या अप्पानं आणून दिलाय, यादगीरहून.”

तोंड फिरवलेलं होतं म्हणून बरं. नीलाक्का यादगीरकडची. लग्न होऊन इथं आली तेव्हा माहेरची कानडी सुटली नव्हती आणि सासरची मराठी लागली नव्हती. इथल्या धुण्याच्या दगडाला भोकं, त्यात लुगड्याचे धागे अडकायचे आणि नवी लुगडी विरायची. ती कुरकुरली तेव्हा सासू म्हणाली, तुझ्या बापाला सांग, दगड बी आंदण द्यायला. सासू टोचून बोलली. बाप सरळ माणूस, त्यानं ते निरोप समजून मनावर घेतलं. डोंगराखालचा एक सपाट धोंडा निवडला, चौघांनी बंडीवर चढवला आणि नऊ दिवस बैल हाकत इथं आणून ओढ्यात बसवून दिला. सासू मरेपर्यंत त्याच दगडावर धुणं धुत होती आणि मरेपर्यंत त्याला नावं ठेवत होती. ज्या चौघांनी बसवला ते केव्हाच गेले. बापही गेला.

एवढं सांगून नीलाक्कानं कोपऱ्यावर हात ठेवला. तिथं तुटलेली जागा पांढुरकी दिसत होती. “चार महिनं झालं. कुण्या भाड्यानं फोडलंय कळंना. आता ती धार लुगडं फाडायलीया.” मग खालच्या बाजूला एकट्या बसलेल्या बाईकडं हनुवटी उडवून आवाज चढवून म्हणाली, “कळंना म्हनून सांगायचं. कळतंय समद्यास्नी.”

ती एकटी बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ सुभद्रा. दगडावर पहिली पाळी कुणाची यावरून दोघींचं आधी वाजलं होतं, त्यामुळे तुकडा निघालेला दिसताच आळ आपोआप सुभद्रेवर गेला. चार महिने एका घरात राहून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी हातोडी कोटाच्या आत सरकवली आणि तिथून निघालो.

तो दिवस मी पाटलांच्या ओसरीवर बसून काढला. खरं सांगितलं तर लाल ठिपका जाणार, मुस्तकिल जाणार, उदगीर जाणार. नाही सांगितलं तर उद्या वडार पहारी लावणार आणि नीलाक्काच्या बापाचा दगड हैदराबादला जाणार. पाटलांना विचारलं तर ते म्हणाले, “सही केलीया मी. कदीम म्हन्जे कदीम. आता मागं कसं जायचं?” मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. एक धुण्याचा दगड गेला तर काय होतं, दुसरा बसवून देऊ, असं मी स्वतःला सांगितलं. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

सकाळी साहेब आले. टांग्यातून उतरून, पाटलून गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्याकडं निघाले. मागं पाटील, पहारी घेतलेले वडार आणि रिवाज मोडून सगळं गाव. दगडावर नीलाक्का मांडी घालून बसली होती. बाजूला ओल्या धुण्याची पाटी. तिला कुणी पहारींचं सांगितलं होतं की तिनंच ताडलं, कोण जाणे. सुभद्रा आपल्या जागी, वीस हात खाली.

साहेबांनी मला विचारलं, “अम्मा क्यों बैठी है? पूछो, फत्तर कब से है.”

मी मराठीत विचारलं. नीलाक्कानं सगळं सांगितलं, बाप, बंडी, नऊ दिवस. साहेब माझ्याकडे बघत होते. मला मराठी येत होती, साहेबांना येत नव्हती, आणि त्या दोघांमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं असं मला वाटलं.

“बोलती है, बहुत पुराना है,” मी म्हणालो.

“झूट बोलता साब ये,” नीलाक्का म्हणाली. “मेरे को तुम्हारी बात आती. मेरा बाप लाया सो फत्तर है. यादगीर से, बंडी में.”

आळंदच्या बाजारात तीस वर्षं तूर विकणाऱ्या बाईला दखनी येणार नाही, असं समजणारा मी हळ्ळीखेडचा माणूस! आमच्याकडे म्हशीलासुद्धा तीन भाषा कळतात.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाटलांकडं पाहिलं. पाटील आभाळाकडं बघत होते. साहेब डबक्यात उतरले, बाही वर केली आणि दगडाच्या बुडाशी पाण्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. मग दुसऱ्या बाजूनं दुसरा हात घातला आणि दगडाखाली दोन्ही हात एकमेकांना लागले. भुई असली तर तिच्याखाली हात जात नाही, एवढं भूगर्भशास्त्र तिथं जमलेल्या सगळ्यांना कळलं.

“तुमने हाथ डालके देखा था?”

मी नाही म्हणालो. मार्गशीर्षातलं पाणी फार गार होतं. मी हात घातला नव्हता. वीस ओढे चाललो होतो, पंच बोलावले, सह्या घेतल्या, तीन नावं मोठ्यानं म्हटली, पण हात ओला केला नव्हता.

मग नीलाक्कानं साहेबांपुढं आपली फिर्याद मांडली. तुम्ही सरकार आहात, आलाच आहात तर न्याय करून जा. माझ्या बापाचा दगड माझ्या जावेनं फोडलाय, तिला विचारा. तुकडा कुणी फोडला हे साहेबांइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाच्या टोकानं, अगदी सावकाश, पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. खाली सुभद्रा मान खाली घालून धुणं पिळत होती, तेच लुगडं पुन्हा पुन्हा.

मी कोटातून हातोडी काढली आणि दगडावर ठेवली. म्हणालो, “अक्का, मी फोडलाय. तिनं न्हाई.”

मला वाटलं होतं नीलाक्का मला शिव्या घालील. तिच्याआधी सुभद्रा आली. वीस हात चालत येऊन, चार महिने साठलेलं सगळं तिनं एका दमात काढलं. निम्मं जावेला, निम्मं मला, आणि थोडं पाटलांनाही, कारण ते समोर होते. मग नीलाक्कालाही तोंड फुटलं, पण ते माझ्यासाठी. थोड्या वेळानं दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला असा रंग आला. साहेब काठावर बसले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

बायका दमल्यावर साहेबांनी नीलाक्काला विचारलं, बापानं हाच दगड का निवडला. ती म्हणाली, “इथला फत्तर पानी पीता साब. हमारा नई पीता.” आणि मग तुटलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून, माझ्याकडं वळून, पोराला शिकवावं तशी मराठीत म्हणाली, “हे बघ, तांदूळ. ही मसूर. हे काळे तीळ. अप्पा म्हनायचा, तिन्ही दाणं दिसलं पायजेत अन् एकबी सुटा न्हाई झाला पायजे, त्यो दगड खरा.” साहेबांनी मला वही काढायला लावली आणि ते शब्दशः लिहून घ्यायला लावलं. पुढं विद्यार्थी आले की ते पुस्तक बाजूला ठेवून हेच सांगत.

वडारांना परत पाठवलं. निघताना नीलाक्का मला म्हणाली, “माझा तुकडा आनून दे.” मी देतो म्हणालो.

टांगा गुलबर्ग्याजवळ आला तेव्हा साहेब म्हणाले, मुस्तकिलीचं आता विसरा, यादगीरला जा, तिथं दोन साल काढा, ग्रॅनाइट शिका. त्यांनी शिक्षा म्हणून सांगितलं. पण ग्रॅनाइट मी तिथंच शिकलो, त्या डोंगरांवर अनवाणी चढून, उन्हात तापलेल्या दगडावर पाठ टेकून, वडारांशेजारी बसून. कोणत्या बाजूनं घाव घातला की दगड सरळ चिरतो हे वडाराला दगडावर हात फिरवून कळतं. मला दोन वर्षांत थोडंफार कळू लागलं. उदगीरची सोयरीक मात्र मोडली. मुलगी सोलापूरला दिली असं ऐकलं. त्याचं मला फार वाईट वाटलं, आणि हे वाक्य आमच्या घरात वाचलं जाईल हे माहीत असूनही तसंच ठेवतो.

राहिला तुकडा. साहेबांनी नकाशावरचा लाल ठिपका स्वतः ब्लेडनं खरवडला. कपाटातला तुकडा परत मागायला मी सरिश्तेदारांकडं गेलो. हे आमच्या कचेरीचे मुख्य कारकून. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नमुना आत आल्याचा रकाना होता, बाहेर गेल्याचा रकानाच नव्हता. मी म्हणालो, पण तो आळंदचा नाहीच. ते म्हणाले, रजिस्टरात आळंदचा आहे. मी म्हणालो, साहेबांनी नकाशावरून काढलाय. ते म्हणाले, नकाशा तुमचा, रजिस्टर माझं.

तेव्हा मी चोरी केली. नोकरीतली एकुलती एक. यादगीरहून तेवढाच, त्याच रंगाचा तुकडा आणला, त्यावर पांढरा ठिपका दिला, तोच नंबर आणि तेच शब्द लिहिले, आणि एका सुटीच्या दिवशी कपाट पुसायच्या निमित्तानं अदलाबदल केली. यादगीरचा तुकडा काढून यादगीरचाच ठेवला. सरकारचं काही नुकसान झालं नाही. मास्तरांनी पाहिला तो हा.

मूळ तुकडा माझ्या ट्रंकेत पडून राहिला. मी मुस्तकिल झालो, लग्न झालं, मग रझाकारांचे दिवस आले आणि त्या बाजूला जाणं होईना. पोलीस ॲक्शननंतर, रस्ते मोकळे झाल्यावर, मी त्या गावी गेलो. या वेळी रिवाज पाळून काठावरूनच हाक मारली. नीलाक्का होती. केस पांढरे झाले होते. शेजारी, त्याच दगडावर, सुभद्रा.

मी तुकडा दिला. नीलाक्कानं तो पदरानं पुसला आणि कोपऱ्यावर ठेवून पाहिला. बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना. तुटलेली धार लुगडी फाडत होती म्हणून दोघी जावांनी वाळू घालून, दगडानं दगड घासून, महिनाभर बसून तो कोपरा गोल करून टाकला होता. तुकडा होता तसाच, धारदार. मखमलीवर ठेवलेली वस्तू झिजत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नीलाक्कानं तुकडा उलटा केला. “हे काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं, “ग्रॅनाइट, तालुका आळंद.” आणि घाईघाईनं म्हणालो, अक्का, ते चुकलंय, यादगीर पाहिजे, मी आत्ता खरवडून टाकतो. खिशातून चाकू काढला.

तिनं तुकडा माझ्यापासून लांब धरला. “राहू दे. चाळीस वर्सं झाली इथं येऊन. मला कुनी इचारलं तर मी बी आळंदकडचीच म्हन्ते की.”

नीलाक्का त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसली. वाचता तिला येत नव्हतं. मग सुभद्रेनं हात पुढं केला, तुकडा घेतला, तळहातावर जोखला आणि म्हणाली, “टाच घासायला बरा हाय.”

मी नीलाक्काकडं पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा चार महिन्यांचं भांडण पेटतं. तिनं धुणं उचललं, दगडावर आपटलं, आणि जावेकडं न बघता म्हणाली, “घास. पन लिवल्याल्या बाजूनं घासू नको.”